रागाची मापे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील आपल्या अनेक कुटुंबांतील मुले आज शिक्षणासाठी वा व्यवसायासाठी परदेशी आहेत. कोणी मेलबर्नला, कोणी सिडनीला, कोणी लंडनला, कोणी लेस्टरला. सुटीत ती घरी येतात तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडचे बोलके इंग्रजीही येते. आपण शाळेत व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो ते हे इंग्रजी नव्हे. चहा गार झाला म्हणून आजोबांचा आवाज चढला, की ऑस्ट्रेलियात वाढलेला नातू बहिणीच्या कानाशी लागून म्हणतो, "आजोबांनी डमी थुंकली." आजोबांना काही उमगत नाही, हे त्या नातवाचे भाग्यच म्हणायचे! या वेळी या सदरात राग अनावर होण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा काही शब्दप्रयोगांचा विचार करू. विषय वरकरणी भाषेचा आहे. परंतु त्याची मुळे घरात, पेढीवर आणि अखेर खातेवहीतही पोहोचतात.

'डमी' म्हणजे तान्ह्या मुलाच्या तोंडात देतात ती रबरी चोखणी. मूल चिडले की ती चोखणी तोंडातून फेकून देते आणि भोकाड पसरते. ऑस्ट्रेलियात प्रौढ माणसाने ताळतंत्र सोडले की त्याने 'स्पिट द डमी' केले, असे म्हणतात. मंत्री असो, खेळाडू असो वा कंपनीचा मालक, त्याच्या संतापाला वृत्तपत्रेही 'डमी स्पिट' म्हणून मोकळी होतात. ब्रिटनमध्ये याच अर्थाचे दुसरे चित्र रूढ आहे. तेथे चिडलेला माणूस 'आपली खेळणी बाबागाडीबाहेर फेकतो'. दोन्ही चित्रांत बाळ तेच आहे. एकात चोखणी गेली, दुसऱ्यात खेळणी.

आणखीही प्रयोग आहेत. ब्रिटिश माणूस 'थ्रो अ वॉबली' म्हणतो, ऑस्ट्रेलियन 'चक अ वॉबली' म्हणतो. 'वॉबल' म्हणजे डळमळणे, डगमगणे. 'चक' म्हणजे खरे तर फेकणे. पण ऑस्ट्रेलियन बोलीत ते 'करणे' या अर्थीही चालते. तेथे गाडी उलट दिशेला वळवणे म्हणजे 'चक अ यूई' आणि आजाराचे निमित्त सांगून कामाला दांडी मारणे म्हणजे 'चक अ सिकी'. डोक्यासाठी ब्रिटनमध्ये 'नट' आणि ऑस्ट्रेलियात 'ब्लॉक' असे गमतीचे शब्द आहेत. म्हणून रागावणे म्हणजे एकीकडे 'डू युवर नट' आणि दुसरीकडे 'डू युवर ब्लॉक'. ब्रिटिश माणूस 'लूज युवर रॅग' असेही म्हणतो. शब्दशः पाहिले तर चिंधी हरवणे! ऑस्ट्रेलियात एखाद्यावर खेकसणे म्हणजे 'गो क्रूक'. तेथे 'क्रूक' म्हणजे बिघडलेला, आजारी.

लेस्टरचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो. त्या शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पूर्वीच्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत उभे राहिलेले आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले जैन मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या परिसराच्या बोलीत 'मार्डी' असा एक शब्द आहे. गाल फुगवून बसलेल्या, विनाकारण कुरकुरणाऱ्या मुलाला 'मार्डी' म्हणतात. मराठीत 'फुरंगटणे' म्हणतो ना, अगदी तेच. आपल्या समाजातील तेथील नातवंडांच्या तोंडी हा शब्द आला तर आज्यांनी चकित होऊ नये.

या भांडारातील सर्वच नाणी मात्र खरी नाहीत. रागाच्या झटक्याला ब्रिटनमध्ये 'पॅडी' असेही म्हणतात. 'पॅडी' हे पॅट्रिक या नावाचे लाडके रूप आणि इंग्रजांनी सरसकट आयरिश माणसाला ठेवलेले नाव. म्हणजे एका संपूर्ण लोकसमूहाला तापट ठरवून तो शब्द घडला. 'गो मेंटल' हा प्रयोग तर मनोरुग्णांनाच थट्टेत ओढतो. याबाबतीत आपणही निर्दोष नाही. ठाण्यातील मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे आणि कोणी जरा बिथरला की 'याला आता ठाण्याला पाठवा' असे म्हणण्याची मुंबईकरांची रीत फार जुनी आहे. आपल्या गावाचे नाव असे वापरले जाते याचे ठाणेकरांना वाईट वाटतेच; पण ज्यांच्या घरात खरोखर मानसिक आजार आहे, त्यांना किती वाईट वाटत असेल! असे शब्द आपण सोडून द्यावेत.

आता मराठीकडे वळू. रागाच्या बाबतीत मराठी दरिद्री नाही. माणूस चिडतो, कातावतो, वैतागतो, भडकतो, खवळतो, फणफणतो, तणतणतो, धुसफुसतो, चवताळतो. नाकाच्या शेंड्यावर राग असतो, तळपायाची आग मस्तकाला जाते, पित्त खवळते, पारा चढतो, अंगाची लाहीलाही होते, अंगाचा तिळपापड होतो. गुजरातीत 'मगज छटकवुं' म्हणतात, त्याचेच भावंड शोभावे असे 'सटकणे' हे मराठी क्रियापद २०११ च्या 'सिंघम' या हिंदी चित्रपटाने देशभर नेले.

या दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली गोष्ट व्याकरणाची. इंग्रजी प्रयोगांत थुंकणारा, फेकणारा, हरवणारा तो माणूस स्वतः असतो. कर्ता तोच, म्हणून जबाबदारीही त्याचीच. मराठीत मात्र पित्त आपोआप खवळते, पारा आपोआप चढतो, आग आपोआप मस्तकाला जाते. आपण म्हणतो, "मला राग आला." जणू राग हा न सांगता आलेला पाहुणा आणि आपण बिचारे यजमान! 'मी रागावलो' असेही मराठीत म्हणता येते. पण स्वतःविषयी बोलताना ते आपल्या तोंडी क्वचितच येते. अपवाद एका वाक्प्रचाराचा. 'डोक्यात राख घालून घेणे' यात राख घालणारा आपण स्वतःच असतो. ज्या कोणा पूर्वजाने हा वाक्प्रचार प्रथम वापरला असेल, त्याला आगीनंतर काय उरते हे पक्के ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची. चिडलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियन भाषा तान्हे बाळ ठरवते. आपण त्याला ऋषी किंवा देव ठरवतो. तो दुर्वास होतो, जमदग्नी होतो, रुद्रावतार धारण करतो. त्यातही भेदभाव आहेच. घरातील कर्त्या पुरुषाच्या रागाला बहुधा ही पौराणिक नावे मिळतात आणि सुनेच्या रागाला 'फणकारा', मुलाच्या रागाला 'थयथयाट' म्हटले जाते. "आमच्या शेठचा राग म्हणजे जमदग्नी!" असे दुकानातील जुना नोकर सांगतो तेव्हा त्यात भीतीइतकेच कौतुकही असते, आणि शेठच्या कानावर ते पडले तर त्यांना मनातून बरेही वाटते. ज्या गोष्टीचे कौतुक होते, ती गोष्ट माणूस सोडत नाही.

'राग' हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. संस्कृतात 'रंज्' म्हणजे रंगणे आणि 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, ओढ. 'वीतराग' या शब्दात आपण तो याच अर्थाने रोज उच्चारतो. मराठीने मात्र त्याच शब्दाला संतापाचा अर्थ दिला. अर्थाचा हा प्रवास मला निव्वळ अपघात वाटत नाही. रस्त्यावरील अनोळखी माणसापेक्षा आपण आपल्याच मुलावर, भावावर, भागीदारावर अधिक चिडतो. जेथे रंग लागलेला असतो, तेथेच तो उतू जातो.

या सर्व मराठी प्रयोगांत व्यापारी कुटुंबांनी जवळ करावा असा एक आहे, तो म्हणजे 'तोल जाणे'. इंग्रजीतील 'वॉबली'च्या तो सर्वांत जवळचा. पण 'तोल' हा शब्द तराजूच्या कुळातला आहे. जांभळी नाक्यावर धान्याच्या गोणी ज्यांनी तोलल्या, त्यांच्या वंशजांना तोल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पारडे झुकले म्हणजे तराजू मोडला असे कोणी मानत नाही. दुसऱ्या पारड्यात काहीतरी टाकले की काटा पुन्हा मध्यावर येतो. ते काहीतरी वेळेवर टाकणारा कोणी शेजारी असला पाहिजे, इतकेच.

याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियाच्याच भूमीवर, मेलबर्न येथे घडले. फेब्रुवारी १९८१ मधील तिसरी कसोटी. मालिकेत भारत एका पराभवाने मागे होता. दुसऱ्या डावात कर्णधार सुनील गावस्कर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली. गावस्कर ७० वर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागला होता, अशी गावस्करांची खात्री होती. तरीही ते परत निघाले होते. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी सांगितले, की पंचांच्या निर्णयापेक्षा परतताना प्रतिस्पर्ध्यांकडून कानावर पडलेल्या शब्दांनी आपला तोल गेला. ते मागे वळले आणि नाबाद असलेल्या चौहान यांनाही मैदान सोडण्यास सांगून बरोबर घेऊन निघाले. एका माणसाच्या रागात दुसरा, ज्याला कोणी बाद दिले नव्हते तोही, ओढला गेला. चौहान यांनी सीमारेषा ओलांडली असती, तर सामना प्रतिस्पर्ध्यांच्या पदरात पडण्याचा धोका होता.

सीमारेषेवर दोन माणसे उभी होती. संघाचे व्यवस्थापक शाहिद दुर्राणी आणि सहव्यवस्थापक बापू नाडकर्णी. हे नाडकर्णी म्हणजे नाशिकचे सुपुत्र. १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकणारे. सबुरी म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? गावस्करांना आत जाऊ दिले गेले आणि चौहान यांना सीमारेषेवरूनच खेळपट्टीकडे परत पाठवले गेले. चौहान ८५ वर बाद झाले. भारताचा डाव ३२४ वर संपला आणि ऑस्ट्रेलियापुढे विजयासाठी १४३ धावांचे आव्हान राहिले. दुखापत असतानाही कपिल देव यांनी २८ धावांत ५ बळी घेतले, यजमान संघ ८३ धावांत गारद झाला आणि भारताने सामना ५९ धावांनी जिंकला. ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिका बरोबरीत सोडवण्याची भारताची ती पहिलीच वेळ. गावस्करांनी त्या वर्तनाबद्दल पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. थोर खेळाडूचाही तोल जाऊ शकतो. त्या दिवशी सामना वाचला, कारण सीमारेषेवर शांत डोक्याची माणसे होती आणि त्यांचे ऐकले गेले.

बँकेत काम करणाऱ्याला या सीमारेषेचे मोल चांगले कळते. भागीदारी पेढीचे चालू खाते असते. दोन भाऊ, कधी काका-पुतणे, कधी मेहुणे. वर्षानुवर्षे कोणाही एकाच्या सहीने धनादेश वटत असतात. मग एखाद्या दिवशी दुपारी बँकेत एक पत्र येते: "आमच्यात वाद निर्माण झाला असून पेढीच्या खात्यावरील व्यवहार तत्काळ थांबवावेत." अक्षर बहुधा घाईचे, सही नेहमीपेक्षा मोठी. नोकरीच्या काळात अशी पत्रे अनेकदा माझ्या टेबलावर आली. असे पत्र आले की बँकेला व्यवहार थांबवावे लागतात. "संध्याकाळपर्यंत वाट पाहू, राग उतरेल," असे अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. त्याच दिवशी माल पुरवणाऱ्याला दिलेला धनादेश परत जातो. तो पुरवठादार बाजारात चार जणांना सांगतो. दुसऱ्या दिवशी उधारीवर माल देणारे रोख मागू लागतात. आणि खरी मेख पुढे आहे: खाते थांबवण्यासाठी एका भागीदाराची सही पुरते; ते पुन्हा सुरू करण्यासाठी सर्वांच्या सह्या लागतात.

अशा बहुतेक प्रकरणांत वादाचे मूळ हिशेबात कमी आणि उच्चारलेल्या एखाद्या वाक्यात अधिक असे. "तुझ्याशिवाय पेढी चालणार नाही असे वाटते काय?" किंवा "वडिलांनी तुला फुकट वाटा दिला." असे वाक्य गिऱ्हाइकांदेखत, नोकरांदेखत बोलले गेलेले असे. रक्कम मिटवता येते. देखत बोललेला शब्द मिटवणे फार कठीण. म्हणून सीमारेषेवरचा माणूस बँकेत शोधून उपयोग नाही, तो घरातच हवा. पूर्वी पेढीवरचा वृद्ध मुनीम ते काम करी. "शेठ, आधी जेवून घ्या, मग पत्र लिहू," असे म्हणण्याचा त्याला अधिकार होता. आज मुनिमाच्या जागी संगणक आहे. तो हिशेब अचूक ठेवतो. पण 'जेवून घ्या' म्हणत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक राग हा बालिशपणा असतो काय? २००५ मध्ये दिग्दर्शक निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' हा चित्रपट आला. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यातील माधव आपटे हा बँकेत नोकरी करणारा, लोकलने ये-जा करणारा सरळमार्गी डोंबिवलीकर. संदीप कुलकर्णी यांनी ती भूमिका केली. पावलोपावली दिसणारा भ्रष्टाचार, बेशिस्त आणि अन्याय सहन करता करता एके दिवशी त्याचा बांध फुटतो. त्याला 'चोखणी थुंकली' म्हणून हसणे हा अन्याय होईल. त्याची तक्रार खरी होती. मात्र त्याने हाती घेतलेला मार्ग त्याला विनाशाकडे घेऊन गेला, हेही तितकेच खरे. म्हणून तक्रार आणि तिचा आवेश यांचे वजन वेगवेगळे करावे. आवेशाला हसावे, तक्रारीला हसू नये. सून काही सांगत असता "उगीच थयथयाट नको" असे म्हणून विषय बंद करणे, किंवा पगार उशिरा मिळाल्याचे बोलणाऱ्या नोकराला तापट ठरवणे, हा शब्दाचा गैरवापर होय. त्याने राग शमत नाही. तो फक्त दिसेनासा होतो.

दिसेनाशा रागाचे काय करावे, याचे माप आपल्या परंपरेने फार बारकाईने दिले आहे. इंग्रजी आणि मराठी वाक्प्रचार राग किती उसळला ते सांगतात. आपले कर्मशास्त्र तो किती टिकला ते विचारते. क्रोधाचे चार प्रकार आपल्याला पाठशाळेपासून ठाऊक आहेत. संज्वलन म्हणजे पाण्यावरील रेघ, प्रत्याख्यानावरण म्हणजे वाळूतील रेघ, अप्रत्याख्यानावरण म्हणजे जमिनीची भेग आणि अनंतानुबंधी म्हणजे पाषाणातील भेग. श्वेतांबर कर्मग्रंथांत त्यांची मुदत अनुक्रमे पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि आयुष्यभर अशी सांगितली आहे. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाच्या मुदती याच मापांशी जुळतात.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही थकबाकीची वर्गवारी आहे. कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला म्हणून कोणी कर्जदाराला बुडीत ठरवत नाही. पण थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते कर्ज अनुत्पादक ठरते आणि त्याचा भार बँकेच्या नफ्यावर पडू लागतो. रागाचेही तसेच आहे. एखाद्या दिवशी आवाज चढला, भांडे आपटले गेले, तेवढ्याने घर मोडत नाही. एरवी शांत भासणारा माणूस मात्र भावाशी चार महिने बोलत नसेल, तर ते खाते केव्हाच अनुत्पादक झालेले असते. कधीही आवाज न चढवणाऱ्या, पण एक शब्दही न विसरणाऱ्या माणसाला आपण शांत म्हणतो. हिशेब मांडला तर त्याचीच थकबाकी मोठी निघेल.

तेव्हा या महिन्यात घरच्यांनी एकत्र बसून दोन गोष्टी ठरवाव्यात, अशी विनंती आहे. पहिली, आपल्या घरात, आपल्या पेढीवर सीमारेषेवर कोण उभे राहणार? ती व्यक्ती वयाने मोठीच असली पाहिजे असे नाही. तिने थांबवले तर थांबायचे, एवढे मात्र सर्वांनी आधी, शांत असताना कबूल केलेले असावे. दुसरी, रागासाठी घरापुरता एखादा हसरा शब्द. तो दुसऱ्यावर फेकण्यासाठी नव्हे. तापलेल्या माणसाला तू बाळ आहेस असे म्हणणे म्हणजे आगीत तेल. तो शब्द ज्याचा त्याने स्वतःसाठी वापरायचा. "थांबा, माझी चोखणी पडली," असे एखाद्या साठीच्या गृहस्थाने गल्ल्यावर बसून म्हटले, तर नोकरांना हसू येईल, मुलाच्या मनावरचे दडपण उतरेल आणि जे सांगायचे आहे ते खालच्या आवाजात सांगता येईल. जमदग्नी होऊन हे साधत नाही. आणि भागीदाराविरुद्धचे पत्र लिहून झालेच असेल, तर ते एक रात्र खणात राहू द्यावे. बँक दुसऱ्या दिवशी सकाळीही उघडतेच.